स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, नुकताच झालाय. क्लबबरोबर दोन दिवस बुडालेलं जहाज आणि प्रवाळ बघायला जाऊ का?

जरूर जा, पण जहाज किती खोल आहे ते आधी विचारा. तुमची मर्यादा १८ मीटर. त्याखाली असेल तर पुढचा कोर्स झाल्याशिवाय नको. आत तर शिरूच नका. पायातल्या फिनच्या एका फटक्याने गाळ उसळतो आणि आलेली वाट दिसेनाशी होते. बाहेरूनच केवढं बघण्यासारखं असतं! टॉर्च न्याच. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी हरवतो, पण उजेड टाकला की करडा वाटणारा पत्रा केशरी-लाल समुद्री स्पंजांनी भरलेला दिसतो. हात मात्र लावू नका, गंजलेल्या लोखंडावर विषारी काट्यांचा स्कॉर्पियन फिश ओळखूसुद्धा येत नाही. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी ठेवा.