टॅगचा ‘वारसा’ की ‘दाय’?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पॅकेज सांभाळणाऱ्या मित्राचा प्रश्न: फेडोरा या लिनक्स प्रणालीतल्या पॅकेजच्या (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याच्या) ब्रँचला मराठीत शाखा म्हणायचं की फांदी? आणि कोजीत, म्हणजे फेडोराची पॅकेजं बांधणाऱ्या यंत्रणेत, एक टॅग (पॅकेजांच्या यादीचं नाव) दुसऱ्याकडून बिल्ड (बांधून तयार झालेलं पॅकेज) घेतो, त्या इनहेरिटन्सला ‘वारसा’ चालेल का, की ‘दाय’ जास्त शुद्ध?

शाखा म्हणा, विषय संपला. (शिये फाटा, शिरोली फाटा रोज ओलांडणाऱ्यांना ‘फाटा’ का सुचत नाही, देव जाणे.)

डोकं फिरतं ते वारशावरून. हल्ली वारसा म्हटलं की किल्ले, देवळं आणि फोटो. तलाठ्याकडं वारस नोंदीसाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल: वारसा म्हणजे हक्क. मूळ अरबी. त्याच धातूपासून ‘वारिथ’ आणि ‘मीराथ’. तो जिभेच्या टोकाचा ‘थ’ फारसीत ‘स’ झाला आणि आपल्याकडं वारस आणि मिरास आले. म्हणजे वारसा आणि मिरासदारी एकाच घरातल्या! ‘वारसदार’ला तर उगीच शेपूट लावलंय, वारस म्हणजेच हक्कदार.

आता ‘दाय’वाले. अरबी नको म्हणून संस्कृत आणायचं, आणि त्या संस्कृतात काय भांडणं आहेत ते बघायचंच नाही! दाय म्हणजे वारशाची मालमत्ता, आणि तिच्यावर जुने धर्मशास्त्राचे ग्रंथ दोन. जीमूतवाहनाच्या दायभागात बाप गेल्यावर मुलाला हक्क. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत तो जन्मतःच, बाप धडधाकट असताना. दायभाग चालायचा बंगालात, आपल्याकडं मिताक्षरा. आणि कोजी पक्का मिताक्षरी आहे. फेडोरा ४२चे टॅग बघा: एफ४२-बिल्ड घेतो एफ४२-ओव्हरराइडकडून, तो एफ४२-अपडेट्सकडून, तो एफ४२कडून. कुणी मरत नाही, कशाची नक्कल होत नाही; वरच्या टॅगला नवं बिल्ड लागलं की ते खाली आपोआप मिळतं. दायच हवा असेल तर मिताक्षरेतला पूर्ण शब्द घ्या: ‘अप्रतिबंध दाय’, म्हणजे जन्मतःच, आडकाठीविना मिळणारा. कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या बदलाबरोबर लिहायच्या टिपेत) लिहून दाखवा.

‘वरचा टॅग खालच्याला पॅकेज देतो’ हेही चुकीचं. नातं लेकराच्या खात्यावर नोंदवलेलं असतं, घेणारा तोच. त्याच्याकडं त्या पॅकेजचं स्वतःचं बिल्ड असेल तर तेच चालतं, वरचं कितीही नवं असो. नकोच असेल तर तो ते पॅकेज ब्लॉक करतो. याला आपल्याकडं सरळ ‘हक्कसोड’ म्हणतात. टॅगला बाहेरची रेपो (पॅकेजांचं कोठार) जोडली की ते दत्तक. कोल्हापूरच्या ज्या गादीवर १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक येऊन शाहू महाराज झाला, त्या गावात हे वेगळं समजवायला नको.

‘आनुवंशिकता’ मात्र कृपा करून नको. तो गुणसूत्रांचा मामला, आणि तिथं हक्कसोड चालत नाही.