जर्मनीची पोस्टडॉक घेऊ का, असं विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएचडी ऑप्टिक्समधली, पत्नी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जन, मुलगी तिसरीत. जर्मनीतल्या एका गटाने हत्तीरोगातल्या लसीकावाहिन्यांचं, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी (लसीका, लिम्फ) परत नेणाऱ्या बारीक नळ्यांचं, इमेजिंग करायला दोन वर्षांसाठी पोस्टडॉक म्हणून, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधनासाठी, बोलावलंय, तर जावं का? व्हिसा, विमा, पत्ता-नोंदणी यावर मी काही लिहीत नाही, ते सरकारी पानांवर आहे. मी जवळपास याच कामासाठी इथे आले, त्यामुळे उत्तर लांबेल आणि जरा वाकड्या वाटेनं जाईल.

काम सुंदर आहे, यात वाद नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्यात इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग टोचायचा, ८०० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशानं तो चेतवायचा आणि कॅमेऱ्यातून बघत राहायचं. निरोगी पायात लसीका सलग वाहत नाही. वाहिनी आकसते, एक उजळ ठिपका वर सरकतो, थबकतो, मग मागून दुसरा येतो. बिघडलेल्या पायात तोच रंग वर चढायचं सोडून शाई टिपकागदावर पसरावी तसा त्वचेत मागे पसरतो. सूज डोळ्यांना दिसण्याआधीही हा बिघाड पकडता येऊ शकतो, म्हणून तर आपल्यासारख्यांना भुरळ पडते. मर्यादाही माहीत असतीलच. एक-दोन सेंटीमीटरच्या खाली आपला प्रकाश फारसा उपयोगाचा नाही. वृषणाजवळच्या वाहिन्यांत हत्तीरोगाचे जिवंत जंत वळवळताना बघायचे तर अल्ट्रासाउंडच लागतो.

तेव्हा त्या गटाच्या प्राध्यापकांना पहिला प्रश्न हा विचारा: पेशंट कुठले? जर्मनीत हत्तीरोग नाही. बाहेरून आलेला एखादा रुग्ण सापडला तर सापडला. मग यंत्र तपासायचं कुणावर? कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यामुळे हात सुजलेल्या स्त्रियांवर. त्या वेळेवर येतात, संमतिपत्रं नीट भरतात, त्यांचा विमा लिम्फ ड्रेनेजचे (सूज उतरवणाऱ्या मालिशचे) आणि दाबाच्या पट्ट्यांचे पैसे देतो. साहजिकच पेपरही त्यांच्यावर होतात. आमच्या प्रकल्पात हत्तीरोग हळूहळू अनुदानाच्या अर्जातल्या पहिल्या परिच्छेदापुरता उरला. त्या बायकांचं दुखणं कमी आहे असं मी म्हणत नाही. पण मी ज्यासाठी आले ते हे नव्हतं.

बँक्रॉफ्टी या हत्तीरोगाच्या जंताची सूक्ष्म पिल्लं (मायक्रोफायलेरिया) रात्री १० ते २ च्या सुमारास रक्तात सर्वाधिक असतात, म्हणजे डास चावायच्या वेळेला, हे तुम्ही वाचलं असेल. ताज्या रक्ताची स्लाइड एकदा स्वतः बघून जा. आधी जंत दिसतच नाही. तांबड्या पेशींची एका कोपऱ्यात पांगापांग चाललेली दिसते, आणि मग कळतं की त्यांना ढकलणारं काहीतरी आहे. इथे आल्यापासून मी ते पाहिलेलं नाही. नमुने मागवू म्हणाल, तर भारतातल्या संस्थेची नैतिकता समिती, मग परदेशी भागीदारी असल्यामुळे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी, मग इकडची समिती, मग हस्तांतराचा करार. यातला प्रत्येक कागद योग्यच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त तो सुटेपर्यंत पोस्टडॉकची मुदत संपते. म्हणून भारतातला भागीदार आधीच ठरलेला आहे का आणि मंजुरी कुठवर आली आहे, हे रुजू होण्यापूर्वी लेखी घ्या.

करार पगारी आहे की स्टायपेंड (विद्यावेतन), तेही बघा. स्टायपेंडवर पेन्शन आणि बेकारी विम्यात काही जमा होत नाही. शिवाय विद्यापीठातल्या मुदतीच्या नोकऱ्यांना पीएचडीनंतर साधारण ६ वर्षांची कमाल मर्यादा आहे, मुलामागे २ वर्षं वाढू शकतात. बाहेरच्या निधीवरचे करार तिच्या बाहेर बसवता येतात. म्हणून तर माणसं पन्नाशीपर्यंत मुदतीवर लोंबकळत राहतात.

आता पत्नीचं. मला याची जास्त काळजी वाटते. अप्रोबात्सिओन, म्हणजे वैद्यकीचा पूर्ण परवाना किंवा निदान तात्पुरती परवानगी, मिळेपर्यंत त्या पेशंटला हात लावू शकत नाहीत. सर्वसाधारण जर्मनची बी-२ पातळी (मधल्याहून वरची), त्यावर वैद्यकीय जर्मनची परीक्षा: पेशंटशी बोलणं, ते लिहून काढणं, वरिष्ठाला सांगणं, प्रत्येकी २० मिनिटं. पदवी समतुल्य ठरली नाही तर ज्ञानपरीक्षा, आणि तिच्यात मेडिसिनही विचारतात. महाधमनीचे एन्युरिझम (फुगे) दुरुस्त करणाऱ्या बाईंना एमबीबीएसचं मेडिसिन पुन्हा उघडावं लागेल. त्यांची भाषा आत्तापासून सुरू करा. तुमचं इंग्रजीत भागेल, त्यांचं नाही.

आणि नावं! माझ्या पदवीवर आडनाव आधी आणि मधे वडिलांचं नाव, पासपोर्टवर मधे नवऱ्याचं. खिडकीपलीकडच्या माणसाला या दोन वेगळ्या बाया वाटल्या. शपथेवरचा भाषांतरकार म्हणाला, जे छापलंय तेच मी लिहिणार, खुलासा माझ्या कामात बसत नाही. बरोबरच होतं त्याचं. निघण्यापूर्वी नावाच्या बदलाचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्या, दोघांचंही.

मुलीच्या शाळेसाठी कोणत्या राज्यात जाताय ते बघा. बर्लिन-ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंतच, आणि मग मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात. बायर्नमध्ये (बव्हेरियात) जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधली, दहावीपर्यंतची). इथे १ सर्वांत चांगला. माझ्या मुलाला गणितात १, परिसरात ३, जर्मनमध्ये ४. झाले २.६६. तिसरीत येऊन पडलेलं पोर जर्मनमध्ये ४ काढतंय याचं कुणाला कौतुक नव्हतं. पहिलीपासून इथे न शिकलेल्या परभाषिक मुलांना, भाषा सुधारेल असं वाटलं तर, ३.३३ पर्यंतही गिम्नाझियुमसाठी योग्य ठरवता येतं, असा नियम आहे. शाळेनं तो आम्हाला सांगितला नाही. शेजारच्या तुर्की बाईंकडून कळला, तोवर मुलगा वर्षभर दुसरीकडे बसला होता. त्याच्या वर्गशिक्षिकेनं पालकसभेत मला समजावलं होतं, "प्रत्येक मुलाला आपापली वाट असते." आजही हे वाक्य आठवलं की मी भांडी जोरात आपटते. मुलगा मजेत आहे, पुढे फाखओबरशूलची (रेआलशूलनंतरच्या उच्च माध्यमिक शाळेची) वाट त्याला मोकळी आहे. तो म्हणतो, आई, हे तुलाच झोंबतंय, मला नाही. खरं असेल. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत तो नियम नावानिशी विचारा आणि उत्तर लेखी मागा.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कामात वेळ जातो.

जावं का, तर पत्नीची तयारी असेल आणि पेशंटच्या प्रश्नाला प्राध्यापकांनी सरळ उत्तर दिलं तर जा. त्यांनी "ते नंतर बघू" म्हटलं तर मी थांबेन. मी आले तेव्हा मला हेच म्हणाले होते, आणि ते कुणी मुद्दाम फसवलं असं आजही मला म्हणवत नाही. कराराचा मसुदा आला की पगाराचा आकडा झाकून पाठवा. मुदतीचं कलम कोणतं लावलंय ते वाचून सांगते.