पहारा, धर्मादाय आणि हाँगकाँगची आळी

एका अनुवादक मैत्रिणीचा प्रश्न आहे. हाँगकाँगच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना तिने लिहिलं: ‘वसाहतीतील चिनी रहिवाशांनी सामुदायिक पोलिसिंग आणि सेवाभावी संस्था उभारल्या.’ वाक्य तिला स्वतःलाच खटकतंय. ‘सामुदायिक पोलिसिंग’ला बरा शब्द कोणता, आणि ‘सेवाभावी’ म्हणावं की ‘धर्मादाय’, असं तिने विचारलंय. ‘धर्मादाय’ म्हटलं की देऊळ डोळ्यांपुढे येतं, ही तिची अडचण.

‘वसाहत’पासून सुरुवात करते. मराठीत वसाहत म्हणजे कामगारांची वस्तीसुद्धा, त्यामुळे ‘वसाहतीतील चिनी’ वाचून एखादा चिनी मोहल्ला मनात उभा राहतो. ‘इंग्रजी अमलातलं हाँगकाँग’ म्हटलं की गोंधळ मिटतो.

आता पोलिसिंग. इंग्रजांनी हाँगकाँग घेतलं १८४१ साली. तिथल्या पोलिसांत गोरे होते, आपल्याकडून नेलेले हिंदी शिपाई होते. चिनी वस्तीची कँटनी भाषा यातल्या बहुतेकांना येत नव्हती. उलट चिनी माणसावरच संशय. अंधार पडल्यावर रस्त्यावर यायचं तर हातात कंदील आणि खिशात परवाना हवा, हा नियम थेट १८९७ पर्यंत टिकला. अशा पोलिसांवर आपल्या दुकानांची राखण सोपवायला चिनी व्यापारी तयार नव्हते. १८६६ मध्ये त्यांनी सरकारच्या संमतीने स्वतःची माणसं नेमली. पगार दुकानदारांच्या वर्गणीतून, देखरेख रजिस्ट्रार जनरल या सरकारी अधिकाऱ्याची. १८९१ मध्ये तेव्हाचे रजिस्ट्रार जनरल स्टुअर्ट लॉकहार्ट यांनी त्यावर प्रतिष्ठित चिन्यांची रीतसर समिती बसवली आणि पुढे सरकार चिनी समाजाचं मत आजमावायचं ते बरंचसं याच समितीकडून.

या माणसांना कँटनीत म्हणत ‘गांग-लिन’. यातल्या ‘गांग’साठी मी हे सगळं लिहायला बसले. जुन्या चिनी कालगणनेत रात्रीचे पाच भाग, प्रत्येक सुमारे दोन तासांचा, आणि त्या भागाचं नाव गांग. रखवालदार फिरत फिरत कितवा गांग चालू आहे ते ठोके देऊन सांगायचा. त्यामुळे काळाचं माप आणि राखणीचं काम दोन्ही एकाच शब्दात आली. आता आपला ‘पहारा’ बघा. तो आला ‘प्रहर’वरून. रात्रीचे चार प्रहर, एकेका प्रहराची जाग म्हणजे पहारा. दोन भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण राखण मोजायची ती रात्रीच्या तुकड्यांनी, हे दोघींनाही सुचलं. हाताशी असा शब्द असताना ‘पोलिसिंग’ची उसनवारी कशाला?

‘गस्त’ही चालेल, पण फारसीतून आलेल्या त्या शब्दात फिरण्यावर भर आहे. ‘जागल्या’ मात्र वापरू नये. जागल्याचं काम गावगाड्याच्या व्यवस्थेतलं, जातीने आणि हक्काने चालत आलेलं. हाँगकाँगचा पहारेकरी नेमलेला, पगारी. त्याच्याशी जुळणारा माणूस मला आठवतो तो लहानपणीच्या आमच्या बाजारपेठेतला गुरखा. रात्री विजेच्या खांबावर काठीचे ठोके पडायचे, रात्री एक वाजता एक, दोन वाजता दोन, आणि आजी अंथरुणातूनच म्हणायची, ‘दोन झाले गं.’ महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तोच गुरखा छोटी वही घेऊन दुकानादुकानांतून वर्गणी गोळा करत फिरायचा. दुकानदार त्याला ‘आमचा गुरखा’ म्हणत. पोलीस चौकीला कुणी ‘आमची’ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

‘कम्युनिटी’चं काय, तर तिथलाच शब्द आहे ‘काइफाँग’. काइ म्हणजे रस्ता, फाँग म्हणजे पेठ किंवा मोहल्ला. मिळून अर्थ शेजारीपाजारी, आणि त्यातून आळीतली चार वजनदार माणसं. हॉलिवूड रोडवरच्या मान-मो देवळात अशी मंडळी बसून तंटे सोडवत. ‘समुदाय’ या शब्दाला असा पत्ता नाही. ‘आळी’ला आहे.

आता धर्मादाय. ताइपिंगशान भागात १८५० च्या दशकात बांधलेलं एक देवस्थान होतं, परमुलखात वारलेल्यांची नामफलकं ठेवण्यासाठी. पुढे मरणाला टेकलेल्या निराधारांनाही लोक तिथेच आणून ठेवू लागले. १८६९ मध्ये मृतदेहांशेजारी जिवंत माणसं पडलेली आढळली आणि बोभाटा झाला. त्यातून १८७० च्या कायद्याने चिनी इस्पितळ मंजूर झालं, १८७२ मध्ये सुरू झालं: तुंग-वा. तुंग म्हणजे ग्वांगतुंग प्रांत, वा म्हणजे चिनी. गरिबांवर चिनी औषधांनी मोफत उपचार. सरकारने जुगाराच्या परवान्यांतून जमलेला पैसा दिला, बाकी भार व्यापाऱ्यांनी उचलला.

त्या देवस्थानाच्या नावात ‘यी’ हा शब्द आहे. कोशात त्याचा अर्थ न्याय, नीती, कर्तव्य असा मिळतो. पण तो जोडशब्दांत बघावा. यी-शाळा म्हणजे फुकट शाळा. यी-स्मशान म्हणजे बेवारसांसाठीचं स्मशान. यी-बाप म्हणजे मानलेला बाप, यी-भाऊ म्हणजे मानलेला भाऊ. आता आपले शब्द मांडा: धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना, धर्मपिता, धर्मबंधू. जो सगळ्यांसाठी खुला तो धर्माचा, आणि रक्ताचं नसून नातं पाळलं तेही धर्माचं. ‘यी’ नेमकं हेच दोन्ही करतो. यातल्या धर्माचा देवळाशी संबंध असायलाच हवा असं नाही. बाजारातल्या धर्मकाट्यावर कोण पूजा करतं? म्हणून मैत्रिणीने बेलाशक ‘धर्मादाय’ लिहावं. ‘सेवाभावी’त राबणाऱ्याची भावना दिसते, ‘धर्मादाय’त देणाऱ्याने सोडलेला पैसा दिसतो, आणि तुंग-वाची कथा मुख्यतः त्या पैशाची आहे.

याच इस्पितळाने १८९९ मध्ये सँडी बे इथे ‘यी-चाँग’ बांधलं. परदेशात राबताना मेलेल्या चिन्यांच्या शवपेट्या आणि अस्थी सॅन फ्रान्सिस्कोसारख्या दूरच्या बंदरांतून इथे येत. मूळ गावी रवानगी होईपर्यंत त्या इथे राहत. ‘शवागार’ लिहिलं तर हे सगळं पुसलं जातं. मी ‘मृतांची धर्मशाळा’ लिहीन. पेट्यासुद्धा वाटसरूच होत्या.

एका ठिकाणी मात्र भाषांतर करू नये. १८७८ मध्ये स्थापन झालेली पो-ल्यूंग-कुक ही संस्था पळवलेल्या, विकलेल्या मुली-बायकांना सोडवून आसरा द्यायची. तिच्या कागदांत ‘मुई-त्साय’ हा शब्द येतो. शब्दशः धाकटी बहीण, प्रत्यक्षात पैसे मोजून घरकामाला घेतलेली मुलगी. हिला ‘मोलकरीण’ म्हटलं तर विक्री लपते. पेशवाईच्या कागदांतला ‘बटीक’ वापरला तर ती गुलामच होती असा निवाडा होतो, आणि १९२० च्या दशकात हाँगकाँगात वाद पेटला तो याच मुद्द्यावर. मूळ शब्द ठेवून एकदा अर्थ सांगावा.

मैत्रिणीचं वाक्य मी असं लिहीन: ‘इंग्रजी अमलातल्या हाँगकाँगात चिनी व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून आपल्या आळ्यांवर पहारे बसवले आणि गरिबांसाठी धर्मादाय इस्पितळ चालवलं.’