‘हॅकिंग’चा कोर्स की राउटरचा बचाव?

प्रश्न : मुलगी ठाण्यात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीसीएनएचा (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) अभ्यास झालाय. नेटवर्क सुरक्षेत जायचं म्हणून तीन महिन्यांचा हॅकिंगचा कोर्स करू का, असं विचारते. – एक आई, कळवा

उत्तर : ताई, तो कोर्स तूर्त राहू द्या. सीसीएनएच्या पुढची खरी पायरी म्हणजे राउटरचा कंट्रोल प्लेन, म्हणजे डेटाचे मार्ग ठरवणारा त्याचा मेंदू, सांभाळणं. ऐरोली, रबाळे, महापेच्या डेटा सेंटरांत ही जाण असलेली माणसं लागतात.

मोठ्या राउटरमध्ये येणारी-जाणारी बहुतेक पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे) चिप परस्पर पुढे पाठवते. बीजीपी (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवणं), एआरपी (आयपी पत्त्यावरून यंत्राचा पत्ता शोधणं), एसएसएच (दुरून लॉगिन) मात्र सीपीयूकडे जातं आणि त्याची ताकद मर्यादित असते. तिथे खोट्या पॅकेट्सचा पूर आला की शेजारच्या राउटरचे ‘कीपअलाइव्ह’ (‘मी चालू आहे’ सांगणारे) निरोप हरवतात. सिस्कोच्या राउटरवर बीजीपीची या निरोपाची वाट पाहण्याची मूळ मुदत १८० सेकंदांची. ती उलटली की सेशन तुटतं, मार्ग काढले जातात. केबल शाबूत, लिंक चालू, तरी नेट बंद.

हे तिने घरीच करून पाहावं. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्सची तीन व्हर्च्युअल मशीन पुरतात. दोघांवर मोफत मिळणारं एफआरआर (लिनक्सला राउटर बनवणारं सॉफ्टवेअर) टाकून बीजीपी जोडायचं, टायमर कीपअलाइव्हला ३ आणि मुदतीला ९ सेकंद. तिसरं मशीन पहिल्या राउटरला जोडून एचपिंग३ने (हवी तशी पॅकेट्स पाठवणारं साधन) बीजीपीच्या पोर्ट १७९ वर मारा करायचा, तोही फक्त या बंद जाळ्यात. मग त्या राउटरच्या एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) पोर्ट १७९ ला सरसकट सेकंदाला १० पॅकेट्सची मर्यादा घालावी. सेशन पडेल, कारण शेजाऱ्याची खरी पॅकेट्सही त्याच मर्यादेत गुदमरतात. आता शेजाऱ्याच्या पत्त्याला परवानगी देणारा नियम त्याच्या वर ठेवला की सेशन टिकतं. नियमांचा क्रम का महत्त्वाचा, हे इथे पक्कं कळतं.

पत्ता खोटा घालता येतो, म्हणून पुढे ‘टीटीएल सिक्युरिटी’. टीटीएल म्हणजे पॅकेटवरचा, प्रत्येक टप्प्यावर घटणारा आकडा. शेजाऱ्याचं पॅकेट २५५ टीटीएलने येतं. लांबून आलेल्याचा टीटीएल वाटेतला प्रत्येक राउटर एकाने घटवतो, म्हणून ते ओळखून अडवता येतं. ही सोय दोन्ही बाजूंना लावावी लागते, नाहीतर सेशन उभंच राहत नाही.

खऱ्या राउटरवर आधी काही दिवस नुसती मोजणी करतात, पॅकेट्स अडवत नाहीत. परवानगीच्या नियमांत आयपीव्ही६चं (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) नेबर डिस्कव्हरी विसरलं की ते जाळं कोसळतं, कारण तिथे एआरपी नसतं, त्याचं काम हेच करतं. एसएसएच चुकून अडलं तर आत शिरायला कन्सोल (राउटरला थेट जोडायची वाट) हवाच. आरएफसी ६१९२ (२०११) हा कंट्रोल प्लेनच्या बचावावरचा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज तिने नक्की वाचावा. नमुना नियम त्यात आहेत.

सुरुवात बहुधा एनओसीमध्ये (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारं केंद्र), पाळ्यांची. ट्रान्स-हार्बरची लोकल रात्रभर नसते; रात्रपाळीला कंपनीची गाडी मिळते का, हे मुलाखतीतच विचारायला सांगा.