मेंदूला मार लागलेल्या रुग्णाचे ‘गुण’

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात आहे. तिला न्यूरोसर्जन व्हायचे आहे आणि मेंदूच्या दुखापतींवर संशोधनही करायचे आहे. ओळखीचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशने करणाऱ्याला प्रयोगशाळेत बसायला सवड कुठली? दुसरे असे, की गेल्या वर्षी पुतण्या मोटारसायकलवरून पडला तेव्हा त्याच्या केसपेपरवर ‘जीसीएस 9’ असे लिहिले होते. हे कसले गुण? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच माणसाच्या कारकिर्दीत सापडते. ‘जीसीएस’ म्हणजे ‘ग्लासगो कोमा स्केल’, रुग्ण कितपत शुद्धीवर आहे हे मोजणारी पट्टी. त्यातला ‘जी’ म्हणजे स्कॉटलंडमधले ग्लासगो शहर. तेथील न्यूरोसर्जन ब्रायन जेनेट आणि त्यांचे तरुण सहकारी ग्रॅहम टीझडेल यांनी 1974 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही मोजपट्टी मांडली. त्याआधी एक डॉक्टर ज्याला ‘गुंगीत’ म्हणे, त्यालाच दुसरा ‘अर्धवट बेशुद्ध’ म्हणत असे. त्यामुळे रात्रपाळीच्या नोंदीवरून रुग्ण सुधारला की ढासळला, हे सकाळी आलेल्याला ठामपणे सांगता येत नसे. या दोघांनी असली विशेषणे बाजूला ठेवून तीनच गोष्टी पाहायला सांगितल्या : डोळे कशाने उघडतात, तोंडून काय निघते आणि हातपाय कसे हलतात. त्यांचे कमाल गुण अनुक्रमे 4, 5 आणि 6. म्हणजे बेरीज कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. (पहिल्या मांडणीत हालचालीच्या पाचच पायऱ्या होत्या, सहावी नंतर आली.)

समजा, भुवईच्या कडेवर अंगठ्याने दाबल्यावर रुग्णाचे डोळे किलकिले होतात, तोंडातून नुसते कण्हणे निघते, पण हात मात्र दाबणाऱ्याच्या हाताकडे येतो. हे झाले 2, 2 आणि 5, म्हणजे 9. दुसऱ्या खाटेवरचा रुग्ण आपणहून डोळे उघडे ठेवतो, परंतु आवाज काढत नाही आणि दुखवल्यावर हात फक्त मागे ओढतो. त्याचेही 4, 1 आणि 4 मिळून 9 च होतात. म्हणून केसपेपरवर नुसती बेरीज लिहिणे मला अपुरे वाटते. तिन्ही आकडे सुटे लिहिलेले असावेत, आणि नातेवाइकांनी ते विचारायला संकोचू नये.

आता मुलीविषयी. जेनेट लिव्हरपूलमध्ये वैद्यक शिकले आणि 1963 मध्ये ग्लासगोला आले. डोक्याला मार लागल्यानंतर कोणाला पुढे फिट्स येण्याचा धोका अधिक, हा त्यांचा सुरुवातीचा विषय. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे वॉर्ड, जुने केसपेपर आणि शवविच्छेदनाचे अहवाल. अपघातानंतर जो बोलत होता, तो नंतर मरण पावला, तर पहिल्याच आघाताने मेंदू कायमचा निकामी झाला होता असे म्हणता येत नाही, मग मधल्या वेळात काय घडले, असा प्रश्न त्यांच्या गटाने 1975 मध्ये मांडला. अशा बहुतेक मृत्यूंमागे कवटीच्या आत साचलेली रक्ताची गाठ, म्हणजे वेळीच सापडली तर काढता येण्याजोगे कारण आढळले. त्याच दशकात स्कॉटलंड, नेदरलँड्स आणि अमेरिका येथील गंभीर दुखापतीच्या 700 रुग्णांची माहिती एकाच नमुन्यात गोळा करण्यात आली. उपचारांच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या असूनही मृत्यूचे प्रमाण मात्र सारखेच निघाले. आपल्या हातोटीवर विश्वास असलेल्या शल्यविशारदांना हे ऐकणे सुखाचे गेले नसणार.

1972 मध्ये न्यूयॉर्कचे मेंदूविकारतज्ज्ञ फ्रेड प्लम यांच्यासह जेनेट यांनी आणखी एका अवस्थेला ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ असे नाव दिले होते : रुग्ण जागतो, झोपतो, डोळे उघडतो, पण जाणिवेची खूण कोठेच नाही. इंग्लंडमधल्या हिलस्बरो या फुटबॉल मैदानावरच्या 1989 च्या चेंगराचेंगरीत याच अवस्थेत गेलेल्या टोनी ब्लँड या तरुणाचे कृत्रिम पोषण थांबवण्यास ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने 1993 मध्ये अनुमती दिली, आणि मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा विस्ताराने विचार केला.

तेव्हा सवड नसते हे डॉक्टरांचे म्हणणे खोटे नाही, पण या विषयातले बरेचसे संशोधन ड्यूटीवरच्या नोंदींतूनच उभे राहिले आहे. मुलीला इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीत ड्यूटी लागेल, तेव्हा डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाचे तिन्ही आकडे, वेळेसह, दर तासाला स्वतः लिहायला सांगा. सिस्टरांचे आकडे तिच्याहून वेगळे आले, तर ते का आले, हेही शेजारी लिहू द्या.