सांगलीत जुन्या सामानात कोळंबी तोंडात धरलेल्या मांजराचं चित्र मिळालं, ओरिजिनल आहे का प्रिंट?

आधी भिंगाखाली बघा, बारीक बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती छापील प्रिंट आहे, विषय संपला. मी सांगलीत फ्रेमिंगचं काम करतो, पहिलं हेच बघतो. तुम्ही सांगताय ते चित्र कोलकात्याच्या कालीघाट शैलीतलं वाटतंय, १९व्या शतकात काली मंदिराबाहेर यात्रेकरूंना स्वस्तात विकायचे, पातळ गिरणीच्या कागदावर वॉटरकलर, मागं बॅकग्राउंड कोरंच. कपाळावर टिळा आणि तोंडात कोळंबी म्हणजे ढोंगी साधू, बाहेरून शाकाहारी आतून मासेखाऊ, आपल्याकडं म्हणतात ना सौ चूहे खाके बिल्ली हज को चली, तसंच, फार भारी कल्पना आहे ही! हातानं काढलेल्यात शेपटीची रेघ एका फटक्यात ओढलेली असते, कडेला रंग गडद होत जातो. पण ठिपके नाहीत म्हणून लगेच जुनं समजू नका, या शैलीत हातानं चित्रं आजही काढतात, तेव्हा कागद जाणकाराला दाखवल्याशिवाय विकू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका.