स्पितीला जायचंय? आधी रजा वाढवा

मागच्या अंकात हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यावर दोन पानं काय लिहिली, इनबॉक्स उघडायची भीती वाटावी इतके प्रश्न आलेत. त्यातले निम्मे "ताई बजेट किती" एवढेच आहेत, ते पुढच्या वेळी बघू. ज्यांची उत्तरं आधी द्यायलाच हवीत अशांना यावेळी घेतलंय.

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्या लग्नाला जूनमध्ये वर्ष होतंय, दोघांना मिळून सहा दिवसांची रजा मिळतेय. पुण्याहून फ्लाइटने चंदीगड, रात्रीच्या बसने मनाली, पहाटे टॅक्सीने थेट चंद्रताल, तिथे तंबूत मुक्काम, मग काझा दोन दिवस आणि आल्या वाटेने परत. यूट्यूबवर सगळे असंच करताना दिसतात. जमेल ना? (पुणे)

जमतं हो, खूप जणांना जमतं. ज्यांना जमत नाही ते व्हिडिओ टाकत नाहीत एवढंच.

जरा आकडे बघा. मनाली साधारण २,०५० मीटरवर, चंद्रताल तलाव ४,२५० च्या आसपास. म्हणजे एका दिवसात तुम्ही बावीसशे मीटर वर चढणार आणि वर तिथेच झोपणार. विरळ हवेची शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर लोकांचा ठोकताळा असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. यात झोपायची जागा हा शब्द महत्त्वाचा. दिवसा गाडीने वर जाऊन फिरून संध्याकाळी खाली आलात तर शरीर बरंच सहन करतं, रात्र वर काढली की खरी परीक्षा.

मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा अगदी तुमचाच प्लॅन होता, एका टूरवाल्याने आखून दिलेला. रात्री दोन वाजता मी तंबूच्या चेनशी झटापट करत होते. उलटी घशाशी आलेली, चेन सापडत नव्हती, आणि सापडली तर कुठल्या बाजूला ओढायची तेच कळेना. बाहेर म्हणे चांदण्यांचा सडा पडला होता, तो नवऱ्याने बघितला. सकाळी ड्रायव्हरने माझं तोंड बघितलं आणि गाडी उलटी वळवली, कारण तिथून काझ्याला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला, जायचं तर आधी कुंझुमचा घाट ओलांडावा लागतो, तो ४,५५१ मीटर, म्हणजे बरं वाटायला खाली उतरायचं तर आधी अजून वर चढा. ही चंद्रतालची खरी गोम आहे आणि ती कोणी सांगत नाही. त्याने आम्हाला परत छत्रूला खाली आणलं, दुपारी मी डाळभात मागून खाल्ला आणि आमची स्पितीची सहल स्पिती न बघताच संपली.

म्हणून शेजारच्या किन्नौरकडून जा. सिमला, मग सराहन, मग कल्पा (२,९६० मीटर), चौथ्या दिवशी वाटेत नाकोला जेवून ताबोला मुक्काम (३,२८०), पाचव्या दिवशी धनकर बघत काझा (साधारण ३,६५०). मग काझ्यात दोन-तीन रात्री राहा. एक दिवस 'की' गावचा गोम्पा (मठ) आणि किब्बर, एक दिवस लांग्झा-हिक्किम-कोमिक, रात्री परत काझ्यात झोपायला. त्यानंतर कुंझुम उघडला असेल तर चंद्रताल करत मनालीला उतरा, तोपर्यंत शरीर रुळलेलं असतं आणि तलाव खरंच डोळे भरून बघता येतो. कुंझुम कधी उघडेल याची तारीख नसते, बर्फ किती पडलाय आणि रस्ता कधी मोकळा करून होतो त्यावर सगळं, कधी मे अखेर कधी जून बराच उलटून गेल्यावर. तलावाच्या काठावर तंबू टाकायला बंदी आहे, कॅम्प अलीकडे दोन-तीन किलोमीटरवर असतात, हेही लक्षात असू द्या.

याला दहा दिवस लागतात, वर दोन दिवस रिकामे हातात हवेत. रिकामे म्हणजे खरंच रिकामे, त्यात "जमलं तर कसोल" घुसवू नका. जुलै २०२३ मध्ये चंद्रतालला शेकड्यांनी पर्यटक अडकून पडले होते, भर जुलैत बर्फ आणि दरडी. त्यातल्या कितीजणांची परतीची विमानं दुसऱ्याच दिवशीची असतील विचार करा. सहाच दिवस असतील तर कल्पा, सांगला, छितकुल करून या, किन्नौर काही कमी नाही. स्पिती दुसऱ्या वाढदिवसाला.

प्रश्न: आम्ही पाच मित्र, अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने, सगळं झालंय. आता डायरेक्ट पिन पार्वती करायचा विचार आहे, गाइड न घेता, जीपीएसवर. काय वाटतं? (नाशिक)

नळीच्या वाटेने गेलात त्याबद्दल मनापासून कौतुक, मला अजून जमलेली नाही. पण कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि पिन पार्वती खिंड ५,३१९. सह्याद्रीत पाय आणि डोकं तयार होतं, रक्त नाही होत. उलट दणकट पोरांनाच जास्त त्रास झालेला बघितलाय, कारण ती भराभर चढतात आणि डोकं दुखलं तरी कोणाला सांगत नाहीत, ग्रुपमध्ये इज्जतीचा प्रश्न ना.

शिवाय पिन पार्वतीवर हिमनदी आहे, बर्फाखाली भेगा आहेत. जीपीएस तुम्हाला वाट दाखवेल, भेग नाही दाखवणार. तिथे दोर बांधून चालतात आणि पुढे असा माणूस लागतो ज्याला त्या वर्षीचं बर्फ माहिती आहे, मागच्या वर्षीचं नाही. आधी हामटा खिंड (४,२७०) करा. ते जमलं तर पुढच्या वर्षी पिन भाबा (४,९१५), किन्नौरमधल्या काफनूहून चढायचं आणि पलीकडे पिन व्हॅलीतल्या मुधला उतरायचं. अलीकडे हिरवीगार कुरणं, मेंढ्या, आणि खिंडीच्या पलीकडे उतरलात की एकदम तपकिरी, जांभळे, उघडे डोंगर, झाड औषधालाही नाही. पाऊस त्या भिंतीच्या अलीकडेच संपतो ते पायाखाली बघायला मिळतं. गाइड आणि पोर्टर घ्याच.

प्रश्न: माझी आई ६२ वर्षांची आहे, बीपीची गोळी चालू आहे. तिला ताबोचा मठ बघायचाय. न्यायचं का? कापूर आणि ऑक्सिजनचा छोटा कॅन पुरेल का? डायमॉक्स सगळ्यांनीच घ्यावी का? (सांगली)

न्या की! फक्त वर सांगितलेल्या वाटेने आणि अजून सावकाश. आणि निघायच्या आधी तिच्या डॉक्टरांना उंचीचे आकडे लिहून दाखवा, "हिमाचलला जातोय" एवढंच सांगितलं तर त्यांना सिमलाच वाटणार.

ताबो ३,२८० मीटरवर आहे, स्पितीत मुक्कामाला त्यातल्या त्यात बरी जागा. मठ इसवी सन ९९६ चा, बाहेरून बघाल तर मातीची बुटकी घरं, आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांसारखी, आणि आत शिरलं की अंधार. दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग हळूहळू भिंतीवरून मूर्ती पुढे यायला लागतात, रंग दिसायला लागतात. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

कापराचं सांगते. आपल्या ग्रुपमध्ये हमखास कोणाच्या तरी रुमालात भीमसेनी कापराची पुडी असते. वास घेऊन तरतरी वाटते, वाटू दे, पण त्याने ऑक्सिजन वाढत नाही. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, हवेचा दाबच कमी असतो म्हणून प्रत्येक श्वासाला कमी मिळतो, काझ्यात समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. तो छोटा कॅन काही मिनिटांत संपतो. तात्पुरता आराम, उपाय नाही.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड, उंचीचा त्रास टाळायची गोळी, उंची गाठायच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फाची ॲलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर नको, आणि आईच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर चालेल का ते डॉक्टरच सांगतील, व्हॉट्सॲपवरचा भाऊ नाही. बोटांना मुंग्या येतात आणि सारखं लघवीला जावं लागतं, घाबरू नका.

आणि हे मात्र घरातल्या सगळ्यांनी वाचा. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं इथपर्यंत असेल तर वर जायचं नाही, आहे तिथेच थांबायचं. पण माणूस चालताना झोकांड्या खायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, किंवा नुसता बसलेला असताना धाप लागतेय आणि खोकला येतोय, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच खाली आणायचं आणि दवाखाना गाठायचा. संशय आला तर जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. नाही जमलं तर गाडी काढा.

प्रश्न: बुलेटवर सोलो येतोय, काझा ते मनाली. नाले कसे पार करायचे? (कोल्हापूर)

सकाळी. हेच उत्तर आहे खरं तर. ते नाले वरच्या बर्फाचं पाणी आहेत, रात्री गारठ्याने पाणी कमी होतं आणि ऊन चढलं की दुपारपर्यंत त्याच जागी गुडघाभर होतं. काझ्याहून उजाडताना निघा म्हणजे बातल-छत्रूचा पट्टा उन्हाच्या आधी नाही तर निदान दुपारच्या आधी पडेल. उशीर झालाच तर बातलला राहा, हट्ट नको.

नाल्यापाशी पोचलात की आधी इंजिन बंद करा आणि ऐका. पाण्याखाली दगड गडगडत असतील तर तो आवाज येतो, बोळातून कोणीतरी रिकामी पिंपं लोटत नेतंय तसा. तो आला की थांबायचं. आमचा ड्रायव्हर पाण्याच्या अगदी कडेला एक पांढरा दगड ठेवायचा आणि बिडी ओढत बसायचा. बिडी संपेपर्यंत दगड बुडाला तर पाणी चढतंय. मोठी गाडी कुठून जातेय ते बघा, मग पहिल्या गिअरमध्ये, मध्ये गिअर न बदलता, नजर पलीकडच्या काठावर. पाण्याकडे बघितलंत की गाडी पाण्याकडेच जाते.

काझ्यात पंप आहे, टाकी तिथेच फुल्ल करा, पुढे मनालीपर्यंत साधारण २०० किलोमीटर त्या वाटेवर पंप नाही आणि अशा रस्त्यावर गाडी पेट्रोल जास्त पिते. क्लच केबल आणि ट्यूब जवळ ठेवा. आणि सोलो म्हणजे सोलोच असं काही नाही, सकाळी काझ्याच्या पंपावर अजून तीन-चार बाइकवाले भेटतातच, त्यांच्यामागे लागा.

प्रश्न: होमस्टेमध्ये गीझर, अटॅच्ड बाथरूम मिळेल का? आम्ही शुद्ध शाकाहारी. मुलांसाठी चॉकलेटं न्यावी का? (ठाणे)

काझ्यात हॉटेलं आहेत, तिथे मिळेल. लांग्झा-कोमिकसारख्या गावात गरम पाणी म्हणजे बादली, तीही मागितल्यावर, आणि ते पाणी कोणीतरी भरून आणलेलं असतं एवढं लक्षात ठेवून मागा. संडास कोरडा. जमिनीला भोक, बाजूला माती-राखेचा ढीग आणि फावडं, झालं की वर एक फावडं माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. थंडीत नळ गोठतात तिथे फ्लश काय कामाचा, आणि त्याचंच खत होऊन बार्ली आणि वाटाण्याच्या शेतात जातं. पहिल्या दिवशी कसंतरी होतं. दुसऱ्या दिवशी वाटतं की आपल्यापेक्षा यांचंच बरं, वास कमी येतो.

शाकाहाराची चिंता नको. थुक्पा, मोमो, डाळभात, भाजी, सगळं बिनमांसाचं करून देतात, आधी सांगा म्हणजे झालं. मात्र भूक लागायच्या तासभर आधी सांगा. त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ जन्मात शिजणार नाही, म्हणून प्रत्येक घरात कुकर. लांग्झाच्या घरात मी मोजल्या होत्या, राजम्याला सतरा शिट्ट्या. लोणी-मिठाचा चहा देतील, चहा म्हणून प्याल तर फसाल, सूप समजून प्या. पेला रिकामा केलात की परत भरतात, नको असेल तर भरलेलाच राहू द्या.

चॉकलेटं नका नेऊ. पोरं गाड्यांमागे हात पसरून पळायला लागतात आणि ते आपणच शिकवलेलं असतं. लांग्झात अमोनाइट विकायला आणतील, आपण ज्याला शाळिग्राम म्हणतो तेच, हिमालयाच्या जागी कधीकाळी असलेल्या टेथिस समुद्रातले दगड झालेले जीव, आता साडेचार हजार मीटरच्या आसपास पडलेत. हातात घ्या, बघा, परत द्या. विकत घेऊ नका, डोंगर असाच रिकामा होतो.

प्रश्न: हिक्किमच्या पोस्टातून पाठवलेलं कार्ड खरंच पोचतं का? (अमरावती)

पोचतं. ४,४०० मीटरवरचं ते पोस्ट १९८३ पासून चालू आहे, तिथली पत्रं खाली काझ्याला जातात आणि मग पुढे नेहमीसारखी. मी स्वतःच्याच पत्त्यावर एक टाकलं होतं, कुडकुडत्या हाताने. तेवीस दिवसांनी आलं. पोस्टमनने दारातच वाचून विचारलं, "ताई, बाकी सगळं मस्त ठीक आहे, पण पाठवणाऱ्याने 'नाक गळतंय' का लिहिलंय?"